लेनिनवर राग, इल्यिनचा गौरव

३० सप्टेंबर २०२२ रोजी क्रेमलिनमधील सेंट जॉर्ज सभागृहात रशियाचे राष्ट्राध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांनी युक्रेनचे चार प्रांत रशियात विलीन झाल्याची घोषणा केली. त्या दिवशीच्या भाषणात गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख होता, हिंदुस्थानच्या लुटीचा होता, चीनवर लादलेल्या अफूच्या युद्धांचाही होता. पाश्चात्त्य साम्राज्यशाहीच्या पापांचा हा पाढा ऐकून आशिया-आफ्रिकेतील पुष्कळ पुरोगाम्यांच्या माना डोलल्या असतील तर नवल नाही. त्यातील तपशील खोटे नव्हते. परंतु ज्यांनी ते भाषण अखेरपर्यंत ऐकले त्यांच्या कानी आणखी एक नाव पडले. भाषणाचा समारोप पुतिन यांनी इव्हान इल्यिन या तत्त्वज्ञाच्या वचनाने केला आणि खरा देशभक्त म्हणून त्याचा गौरव केला.

हा इल्यिन कोण, हे समजावून घेणे अगत्याचे आहे. १९२२ मध्ये सोविएत सरकारने ज्या विचारवंतांना जहाजात बसवून देशाबाहेर घालवले त्यांपैकी तो एक. बर्लिनमध्ये राहून त्याने मुसोलिनीच्या राजवटीची भलामण केली, आणि १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्या नव्या राजवटीचे स्वागत करणारा लेख लिहिला. पुढे नाझी अधिकाऱ्यांशी बिनसल्यामुळे १९३८ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला. तथापि त्याच्या मनातील फॅसिझमविषयीची ओढ तेवढ्याने गेली नाही. महायुद्धातील कोट्यवधी मृत्यूंनंतर, १९४८ मध्येही, फॅसिझमचा उगम निकोप राष्ट्रभावनेत होता, चुकल्या त्या काही गोष्टी, असाच त्याचा निर्वाळा होता. २००५ मध्ये त्याचे अवशेष मॉस्कोत आणून दोन्स्कोय मठात सन्मानाने पुरण्यात आले. त्याच सोहळ्यात बोल्शेविकांविरुद्ध लढलेला श्वेत सेनापती देनिकिन याच्या अवशेषांचेही दफन झाले.

आता दुसरी बाजू पाहावी. या घोषणेच्या सात महिने आधी, २१ फेब्रुवारी २०२२ रोजी, युद्धाची पूर्वपीठिका म्हणून पुतिन यांनी जे लांबलचक भाषण केले त्यातील मुख्य आरोपी होता लेनिन. युक्रेन हे लेनिनने घडविलेले राज्य, राष्ट्रांना स्वयंनिर्णयाचा आणि फुटून निघण्याचा हक्क देऊन त्याने रशियाचे तुकडे पाडण्याची तरतूद केली, असा त्या भाषणाचा रोख होता. लेनिनने रशियाखाली अणुबाँब पेरून ठेवला, असे तर ते २०१६ मध्येच म्हणाले होते. सोविएत काळातला रणगाडा त्यांना हवा आहे, १९४५ चा विजय हवा आहे, लाल सेनेची पदके हवी आहेत. नको आहे तो फक्त त्या क्रांतीतला झारशाहीला राष्ट्रांचा तुरुंग म्हणणारा विचार. नाझींचे निर्मूलन करण्यासाठी म्हणून पुकारलेल्या युद्धात ज्याने हिटलरचे स्वागत केले त्याची वचने म्हटली जावीत आणि ज्याने पराधीन राष्ट्रांचा हक्क मान्य केला तो गुन्हेगार ठरावा, यात रशियातील आजच्या राजकारणाचे सारे मर्म आले.

महाराष्ट्रातील डाव्या चळवळीच्या दृष्टीने ही गोष्ट दूरची नाही. स्तालिनग्राडची लढाई येथे मुंबईच्या गिरणगावात पोवाड्यातून गायिली गेली आहे. तो पोवाडा रचणारे अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये स्वतः रशियाला जाऊन आले, त्यांचे प्रवासवर्णन कामगारांच्या घरांत वाचले गेले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात, म्हणजे वर उल्लेखिलेल्या भाषणाच्या अवघ्या पंधरवडाभर आधी, मॉस्कोतील परदेशी वाङ्मयाच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरणही झाले. अनावरण करणारे उपमुख्यमंत्री भारतीय जनता पक्षाचे होते, हा योगायोग इतिहासानेच करावा! सांगायचे ते एवढेच की, रशियाविषयी येथील कार्यकर्त्याच्या मनात जो जिव्हाळा आहे तो खोटा नाही आणि कोणी त्याची लाज बाळगण्याचेही कारण नाही. प्रश्न असा आहे की त्या जिव्हाळ्याचा धनी आता कोण होऊ पाहत आहे.

रशियातील उग्र राष्ट्रवाद आकाशातून पडलेला नाही, आणि तो सर्वस्वी सोविएत व्यवस्थेच्या बाहेरून आलेला आहे, असेही म्हणता येणार नाही. १९४४ मध्ये चेचेन आणि क्रिमियातील तातार या संपूर्ण जमातींना मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हद्दपार करणारी राजवट स्तालिनची होती. ज्यू बुद्धिजीवींविरुद्ध ‘मुळे नसलेले विश्वनागरिक’ म्हणून मोहीम १९४९ मध्ये उघडली गेली तीही त्याच राजवटीत. लेनिनने रुग्णशय्येवरून, १९२२ च्या अखेरीस सांगून लिहवून घेतलेल्या टिपणांत महारशियन अहंकाराविरुद्ध जो इशारा दिला होता तो ज्यांना उद्देशून होता, त्यांत स्तालिन अग्रभागी होता. लोकशाही समाजवाद्यांनी हे त्या काळातच सांगितले आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. १९८० च्या दशकात ‘पाम्यात’ नावाची ज्यूद्वेष्टी संघटना मॉस्कोच्या रस्त्यावर उघडपणे आली, आणि १९८७ च्या मे महिन्यात तिच्या निदर्शकांना मॉस्को शहर पक्षाचे तत्कालीन प्रमुख बोरिस येल्त्सिन भेटले. तेव्हा तो निखारा राखेखाली किती काळ धुमसत होता याची कल्पना आली.

मात्र निखाऱ्याचा वणवा झाला तो बाजारपेठेच्या वाऱ्याने. २ जानेवारी १९९२ रोजी किंमतींवरील नियंत्रणे उठली. त्या एका वर्षात महागाई सुमारे २,५०० टक्क्यांनी वाढली. जन्मभराची बचत आठवड्याच्या बाजारालाही पुरेना. कारखाने, खाणी, तेलविहिरी यांची मालकी कागदाच्या तुकड्यांत वाटली गेली आणि १९९५ मधील ‘कर्जाच्या बदल्यात समभाग’ या व्यवहारातून नोरिल्स्क निकेल व युकोस यांसारखे उद्योग मूठभर बँकवाल्यांच्या घशात गेले. पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० मध्ये ६४ वर्षांच्या आसपास होते, ते १९९४ मध्ये ५८ च्या खाली आले. शांततेच्या काळात एका औद्योगिक राष्ट्रात असे घडल्याची उदाहरणे विरळा. ऑक्टोबर १९९३ मध्ये येल्त्सिन यांनी संसदेवर रणगाडे डागले, दीडशेच्या आसपास माणसे मेली, आणि पश्चिमेकडील लोकशाहीच्या कैवाऱ्यांनी त्यांची पाठ थोपटली.

दोनच महिन्यांनी निवडणूक झाली. पक्षयादीच्या मतदानात सुमारे २३ टक्के मते घेऊन पहिला आला तो व्लादिमिर झिरिनोव्स्की यांचा पक्ष. त्याचे नाव ‘उदारमतवादी लोकशाही पक्ष’. नावाचा आणि कामाचा संबंध नसणे ही गोष्ट भारतीय वाचकाला नवी वाटू नये. हा गृहस्थ रशियन सैनिकांना हिंद महासागराच्या पाण्यात बूट धुवायला नेण्याची स्वप्ने दाखवीत असे. मते देणारे सगळेच काही ते स्वप्न पाहत नव्हते. ज्यांचा पगार महिनोन्‌महिने थकला होता, ज्यांच्या मुलांना नोकरी नव्हती आणि ज्यांना कोणताही पक्ष आपला वाटत नव्हता, अशा माणसांनी आपला संताप त्या पेटीत टाकला. येल्त्सिनशाहीला विरोध करणाऱ्या समाजवादी शक्ती दुर्बळ होत्या. ज्या सबळ होत्या त्यांनी लाल आणि तपकिरी यांची मिसळ करून घेतली. १९९२ च्या ‘राष्ट्रीय मुक्ती आघाडी’त कम्युनिस्ट आणि झारभक्त एका मंचावर बसले. एदुआर्द लिमोनोव आणि अलेक्झांडर दुगिन यांनी काढलेल्या ‘राष्ट्रीय बोल्शेविक’ पक्षाचा झेंडा तर नाझींच्या झेंड्यासारखाच होता: लाल कापड, मध्ये पांढरे वर्तुळ, स्वस्तिकाच्या जागी काळा कोयता-हातोडा.

पुतिन सत्तेवर आल्यानंतर या साऱ्याचे काय झाले, याबाबत दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक असे की, पुतिन यांनी अतिउजव्यांना आवर घातला. दुसरे असे की, अतिउजव्यांनी क्रेमलिन काबीज केले. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. राज्यकर्त्यांनी त्यांच्या संघटना वापरल्या, मग मोडल्या, आणि त्यांचा कार्यक्रम मात्र स्वतःकडे ठेवून घेतला.

उदाहरणे पाहावीत. २००३ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांची मते फोडण्यासाठी दिमित्री रगोझिन आणि सर्गेई ग्लाझ्येव यांच्या ‘रोदिना’ या आघाडीला वरून बळ मिळाले, आणि तिने ९ टक्के मते मिळविली. ती हाताबाहेर जाऊ लागताच २००५ च्या मॉस्को महापालिका निवडणुकीतून तिला बाद करण्यात आले. निमित्त होते कॉकेशसमधील लोकांना शहरातील कचरा ठरविणाऱ्या जाहिरातीचे. जाहिरात किळसवाणी होती यात शंका नाही. पण तिच्याविरुद्ध न्यायालयात गेला तो झिरिनोव्स्की यांचा पक्ष! रगोझिन यांचे पुढे काही बिघडले नाही. ते नाटोमध्ये रशियाचे प्रतिनिधी झाले, उपपंतप्रधान झाले, अवकाश संस्थेचे प्रमुख झाले, आणि २०२३ मध्ये व्यापलेल्या झापोरिझियाचे प्रतिनिधी म्हणून वरिष्ठ सभागृहात येऊन बसले.

त्याच २००५ साली ७ नोव्हेंबरची क्रांतिदिनाची सुट्टी रद्द करून ४ नोव्हेंबरला ‘राष्ट्रीय ऐक्य दिन’ सुरू करण्यात आला. पहिल्याच वर्षी तो दिवस ‘रशियन मोर्चा’ काढून ज्यांनी आपला केला, त्यांत हात उंचावून सलामी देणाऱ्यांचा भरणा होता. ती वर्षे रस्त्यावरील रक्तपाताची होती. वंशद्वेषी टोळ्यांचा न्यायालयांत पर्दाफाश करणारे पीटर्सबर्गचे मानववंशशास्त्रज्ञ निकोलाय गिरेन्को यांना २००४ मध्ये त्यांच्या घराच्या दारात गोळी घालण्यात आली. अशा हल्ल्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘सोवा’ केंद्राच्या मोजणीनुसार एकट्या २००८ मध्ये शंभराहून अधिक माणसे वंशद्वेषाला बळी पडली; त्यांतील बहुतेक ताजिक, उझ्बेक, किर्गिझ मजूर. १९ जानेवारी २००९ रोजी भर दुपारी मॉस्कोच्या मध्यवस्तीत वकील स्तानिस्लाव मार्केलोव आणि तरुण पत्रकार अनास्तासिया बाबुरोवा यांची हत्या झाली. मार्केलोव हे कामगारांचे, फॅसिस्टविरोधी तरुणांचे आणि चेचेन पीडितांचे वकील. मारेकरी ‘रशियन राष्ट्रवाद्यांची लढाऊ संघटना’ या टोळीचे निघाले. या टोळीचा सूत्रधार ज्या ‘रुस्की ओब्राझ’ संघटनेचा म्होरक्या होता, तिला त्याच वर्षीच्या ४ नोव्हेंबरला, क्रेमलिनपासून हाकेच्या अंतरावर बोलोत्नाया चौकात, नाझी गाणी म्हणणाऱ्या वाद्यवृंदासह जाहीर कार्यक्रम करण्यास परवानगी मिळाली होती! त्या सूत्रधाराला जन्मठेप झाली ती २०१५ मध्ये.

परवानगी आणि जन्मठेप यांच्या मधल्या सहा वर्षांत काय बदलले? डिसेंबर २०१० मध्ये मॉस्कोच्या मानेझ चौकात हजारो तरुण राष्ट्रवादी घोषणा देत पोलिसांवर चालून गेले, आणि २०११-१२ च्या निवडणूक-घोटाळ्याविरुद्धच्या मोर्चांत काही राष्ट्रवादी गट उदारमतवाद्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. (या दोषातून विरोधकही मुक्त नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तुरुंगात मृत्यू पावलेले अलेक्सी नवाल्नी हे एके काळी ‘रशियन मोर्चा’त सामील होत असत. त्यांच्या धैर्याला वंदन करतानाही हे विसरता येत नाही.) रस्त्यावर स्वतंत्रपणे जमणारा जमाव, मग तो कोणत्याही विचाराचा असो, या राजवटीला सहन होत नाही. साहजिकच बेकायदा स्थलांतराविरोधी आघाडीवर २०११ मध्ये बंदी आली आणि तिचे पुढारी पुढे गजाआड गेले. युक्रेनच्या पूर्वेस २०१४ मध्ये सशस्त्र उठाव घडवून आणणारा ईगोर गिर्किन हा तर या पंथाचा वीरपुरुष. २९८ माणसांसह पाडलेल्या मलेशियन विमानाच्या खटल्यात डच न्यायालयाने त्याला २०२२ मध्ये जन्मठेप ठोठावली, तरी मॉस्कोत तो मोकळा होता. त्याने पुतिन यांच्यावर टीका सुरू केली तेव्हा मात्र जुलै २०२३ मध्ये त्याला अटक झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा. विमान पाडण्याला क्षमा होती, पुतिन यांना दुबळे म्हणण्याला नव्हती.

संघटना मोडल्या, पण कार्यक्रमाचे काय झाले? २०२० च्या घटनादुरुस्तीने रशियन ही ‘राज्य घडविणाऱ्या जनतेची’ भाषा ठरली आणि घटनेत परमेश्वराचाही शिरकाव झाला. ज्या दुगिन यांना नव्वदीत लोक विक्षिप्त समजत, ते २०२३ मध्ये मॉस्कोच्या मानव्यविद्या विद्यापीठात एका नव्या ‘उच्च राजकीय प्रशाले’चे प्रमुख झाले. प्रशालेला नाव दिले इल्यिनचे. विद्यार्थ्यांनी २०२४ मध्ये त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली, हे त्या विद्यार्थ्यांच्या धैर्याचे द्योतक आहे. मार्च २०२४ मध्ये पॅट्रिआर्क किरिल यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक रशियन लोकपरिषदेने युद्धाला धर्मयुद्ध ठरविले. याच राजवटीच्या छायेत २०१५ मध्ये पीटर्सबर्गला ग्रीसच्या ‘गोल्डन डॉन’पासून जर्मनीच्या एन.पी.डी.पर्यंत युरोपातील नवनाझी एकत्र जमले होते, आणि फ्रान्सच्या ल पेन यांच्या पक्षाला एका रशियन बँकेकडून ९० लाख युरोंचे कर्ज मिळाले होते. फॅसिझमविरोधाचा हा कोणता प्रकार?

यात एक अंतर्विरोध आहे आणि त्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. रशियन भाषेत ‘रूस्की’ म्हणजे वंशाने रशियन, आणि ‘रोसिस्की’ म्हणजे रशियन राज्याचा, मग तो तातार असो, बुर्यात असो वा चेचेन. साम्राज्याला दुसरा शब्द लागतो, कारण युद्धावर बुर्यातिया, तुवा, दागेस्तान येथील गरिबांची पोरे पाठवायची असतात; तेथे नोकऱ्या नाहीत आणि सैन्याचा पगार हाच आधार आहे. वंशवाद्याला पहिला शब्द हवा. राजवट दोघांनाही खूश ठेवू पाहते, आणि या ओढाताणीचा भार शेवटी सर्वांत दुर्बळ माणसाच्या माथी येतो. तो म्हणजे मध्य आशियातून आलेला मजूर.

मॉस्कोच्या इमारती त्याने बांधल्या, तेथील बर्फ तो उपसतो. त्याने घरी पाठविलेल्या पैशावर ताजिकिस्तान जगतो. काही वर्षी ती रक्कम त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास गेली आहे. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रोकस सभागृहात दहशतवाद्यांनी सुमारे दीडशे माणसे मारली. आरोपी ताजिक निघाले आणि शिक्षा साऱ्या ताजिक मजुरांना सुरू झाली. ‘रुस्काया ओब्श्चिना’ म्हणजे ‘रशियन समाज’ या नावाच्या स्वयंघोषित रक्षकांच्या टोळ्या वसतिगृहांवर आणि दुकानांवर धाडी घालतात. पुष्कळदा पोलीस सोबतीला असतात. एप्रिल २०२५ पासून परदेशी मजुरांच्या मुलांना रशियन भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज शाळेत प्रवेश नाही. आणि ज्यांनी नागरिकत्व घेतले त्यांतील सुमारे दहा हजार जणांना आघाडीवर पाठविल्याचे तपास समितीचे प्रमुख बास्त्रिकिन यांनी जून २०२४ मध्ये अभिमानाने सांगितले. घामासाठी आणि रक्तासाठी तो हवा. त्याचे मूल मात्र वर्गात नको. या मजुराने आणि रशियन मजुराने मिळून संघटना करावी, तर २००२ पासून लागू असलेल्या कामगार संहितेने कायदेशीर संप जवळपास अशक्य करून ठेवला आहे. नव्वदीत लुटलेली मालमत्ता लोकांकडे परत आली नाही. तिचे काही मालक बदलले इतकेच. ज्या राज्यकर्त्या वर्गाला मालकीचा प्रश्न कधीच निघायला नको आहे, त्याला राष्ट्राचा प्रश्न सतत पेटता ठेवावा लागतो.

येथे दोन आक्षेप येतील. नाटोचा पूर्वेकडे विस्तार हा एक. तो झाला, तो अदूरदर्शी होता, आणि नव्वदीत रशियन जनतेच्या झालेल्या अवहेलनेत पाश्चात्त्य भांडवलदारांचा हात होता, हे वर आलेच आहे. परंतु एका साम्राज्याच्या अरेरावीने दुसऱ्याला शेजाऱ्याचा देश गिळण्याचा परवाना मिळत नाही. व्हिएतनामच्या वेळी जो न्याय लावला तोच येथे लावावा लागेल. दुसरा आक्षेप युक्रेनमधील अतिउजव्यांचा. ते आहेत, सशस्त्र आहेत, आणि त्यांच्याविषयी कोणत्याही समाजवाद्याने गाफील राहू नये. पण २०१९ च्या निवडणुकीत त्यांच्या संयुक्त यादीला दोन टक्क्यांच्या आसपास मते मिळाली आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला तो एका ज्यू कुटुंबातील माणूस. तिकडून लढणाऱ्यांच्या दंडावरील नाझी चिन्हे दाखविणाऱ्यांनी रशियाच्या बाजूने लढणाऱ्या ‘रुसिच’ टोळीकडे किंवा अंगावर एस.एस.चे बिल्ले गोंदवून घेतलेल्या वॅग्नर सेनापती उत्किनकडेही एकदा पाहावे.

कम्युनिस्ट म्हणवणाऱ्या पक्षाने या काळात काय केले, ही सर्वांत दुःखाची गोष्ट आहे. गेन्नादी झ्युगानोव १९९३ पासून ज्या पक्षाचे नेतृत्व करीत आले, त्या पक्षाच्याच खासदारांनी दोनेत्स्क आणि लुहान्स्क यांना मान्यता देण्याचा ठराव जानेवारी २०२२ मध्ये संसदेत मांडला. ज्या लेनिनच्या समाधीवर ते फुले वाहतात त्याच्यावर राष्ट्राध्यक्षांनी पुढच्याच महिन्यात इतका चिखल उडविला, तरी त्यांची निष्ठा ढळली नाही. जुलै २०२५ च्या अधिवेशनात याच पक्षाने ख्रुश्चेव यांचे १९५६ चे स्तालिनविरोधी भाषण चुकीचे ठरविले. अपवाद तिघांचा. ओलेग स्मोलिन, मिखाईल मात्वेयेव आणि व्याचेस्लाव मार्खायेव या तीन खासदारांनी युद्धाला विरोध जाहीर केला. मार्खायेव बुर्यात आहेत, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

संसदेबाहेर बोलणाऱ्यांची किंमत अधिक मोठी. मार्क्सवादी समाजशास्त्रज्ञ बोरिस कागार्लित्स्की यांना १९८२ मध्ये ब्रेझनेव यांच्या पोलिसांनी डाव्या विचारांचे गुप्त नियतकालिक चालविल्याबद्दल पकडले होते. वर्षभराहून अधिक काळ ते तुरुंगात होते. नव्वदीत त्यांनी येल्त्सिन यांच्या खासगीकरणाला विरोध केला. युद्ध सुरू झाल्यावर ते देश सोडून गेले नाहीत. जुलै २०२३ मध्ये त्यांना दहशतवादाचे समर्थन केल्याच्या आरोपावरून अटक झाली. आधार होता क्रिमियाच्या पुलावरील स्फोटाविषयी केलेल्या वक्तव्याचा. डिसेंबरात न्यायालयाने दंड करून सोडले. सरकारी वकिलांनी अपील केले, आणि १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पासष्टीच्या या माणसाला पाच वर्षांची सक्त शिक्षा झाली. त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या निवेदनावर जेरेमी कॉर्बिन आणि झाँ-ल्यूक मेलाँशाँ यांच्यापासून अनेक देशांतील समाजवाद्यांनी सह्या केल्या आहेत. त्वेर प्रांतातील तोर्झोक गावच्या कारावास-वसाहतीतून ते लेख आणि पत्रे लिहून बाहेर पाठवीत राहिले.